कॅमेऱ्याआधी वही

मी ३० नोव्हेंबर २०२४ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि महिन्याच्या आत कॉलनीने मला सुरक्षा समितीत ओढलं. सातारा शहराच्या कडेला, नाल्यालगत, ६४ घरांची आमची कॉलनी. निम्मे पेन्शनर, निम्म्या घरांत नवराबायको दोघंही नोकरीला. पहिल्याच बैठकीत कोटेशन समोर आलं: सोळा कॅमेरे, रेकॉर्डर, केबल, बसवणावळ धरून पावणेदोन लाख. "मॅडम, तुम्ही नुसतं हो म्हणा, लोक लगेच वर्गणी देतील."

मी विचारलं, गेल्या दोन वर्षांत चोऱ्या किती झाल्या? कोणी सहा म्हणालं, कोणी पंचवीस. कुठल्या घरी? "ते मागच्या बाजूला... आणि त्या डॉक्टरांकडे नाही का?" किती वाजता? सगळे गप्प. मग मी म्हटलं, आधी बारा रुपयांची वही आणू, पावणेदोन लाखांचं पुढच्या महिन्यात बघू. दोघं-तिघं नाराज झाले. कोटेशन आणणारे काका तर आठवडाभर बोलत नव्हते.

त्या वहीचं पुढे काय केलं ते सांगते. तुमच्या सोसायटीत, गल्लीत, वाडीत असंच करता येईल. माझी भाची समाजशास्त्र शिकवते. गुन्हे रोखण्यावर जगभर झालेलं संशोधन तिने मला रविवारी दुपारी चहावर समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं. उरलेलं निम्मं ऐकून थोडी लाज वाटली. का, ते पुढे येईलच.

वहीत काय लिहायचं

सहा रकाने आखा. कुठे, कुठला वार, केव्हापासून केव्हापर्यंत, आत कसा शिरला, काय गेलं, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं. तिसरा रकाना नीट भरा. घरफोडी नेमकी किती वाजता झाली हे फिर्यादीला बहुतेक वेळा माहीतच नसतं. तो सांगतो, "संध्याकाळी आलो तर दार उघडं." अशा वेळी "संध्याकाळी सहा" लिहू नका. "सकाळी साडेदहाला कुलूप लावलं, सहाला परत आलो" असं लिहा. दहा नोंदी झाल्या की हे पट्टे एकमेकांवर ठेवून बघा. सगळे जिथे एकमेकांवर येतात ती चोराची वेळ.

माहिती काढायला दारोदार जावं लागतं, आणि जाताना बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. किती तोळे गेलं हे विचारू नका. चोरी झालेलं घर आधीच शरमलेलं असतं. कितीतरी जण तक्रार देत नाहीत, कारण सुनेला किंवा दिराला किती सोनं होतं ते कळायला नको असतं. "फक्त दार कुठलं आणि वेळ कुठली ते सांगा" म्हटलं की माणूस मोकळा होतो. आमच्याकडे तीन घटना अशा निघाल्या की शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हत्या. फसलेले प्रयत्नही लिहा. कोयंडा वाकवून निघून गेलेला चोर आत शिरलेल्याइतकाच महत्त्वाचा.

जोडीला महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर "प्रकाशित एफआयआर" आहेत. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा टाकल्या की संवेदनशील सोडून बाकीच्या फिर्यादी वाचायला मिळतात. रविवारी तासभर बसलात तर आसपासच्या परिसराचं चित्र हाती येतं.

आमच्या वहीत दोन वर्षांच्या मिळून चौदा नोंदी झाल्या. नऊ घरफोड्या किंवा तसे प्रयत्न, तीन गाडीतलं पेट्रोल नाहीतर गाडीच, दोन गळ्यातली साखळी हिसकावण्याचे प्रकार. नऊपैकी सहा नाल्याकडच्या एका ओळीत, जिथे घरं फक्त अकरा. त्या सहातले दोन एकाच घरात. आणि नऊपैकी सात दिवसाढवळ्या, अकरा ते चारच्या पट्ट्यात. आमचा वॉचमन तेव्हा रात्री दहा ते सहा होता!

भाची म्हणाली, मावशी, हे जुनंच आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शेर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांना आलेले वर्षभराचे फोन पत्त्यानुसार लावले, तर निम्मे फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. गुन्हा शहरभर सारखा पसरलेला नसतो, तो ठरावीक ठिकाणी साचतो. पावसाचं पाणी रस्त्यावर साचतं तसा. आपण सगळा रस्ता झाडत बसतो.

त्या जागी, त्या वेळी उभं राहा

वही भरली की लगेच उपायाला लागू नका. जागेवर जा, आणि चोराच्या वेळेला जा. मी जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी बाराला खुर्ची घेऊन मागच्या ओळीत बसले. सव्वा तासात त्या रस्त्याने तीन माणसं गेली. भांडी घासणारी मावशी, कुरिअरवाला पोरगा आणि एक बकरी हाकणारा म्हातारा. तिघांनी मला पाहिलं, मला कोणी काही विचारलं नाही. मी अनोळखी असते तरी विचारलं नसतं.

बसल्या बसल्या दिसलं ते असं. नाल्याकडची भिंत कमरेइतकी, आणि एका बांधकामाची वाळू भिंतीला टेकवून टाकलेली. त्यामुळे भिंत गुडघ्याएवढी उरलेली. एका आंब्याची फांदी रस्त्याच्या दिव्यावर आलेली. अकरापैकी सात घरांच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप.

त्या कुलपाबद्दल जरा थांबून सांगते, कारण आयुष्यात मी शेकडो पंचनाम्यांत एकच वाक्य लिहिलंय: "दरवाजाचा कडी-कोयंडा तोडून." कुलूप तोडून असं फार कमी वेळा लिहिलं. लोक आठशे-हजाराचं, नऊ लिव्हरचं कुलूप आणतात आणि ते लावतात अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर धरलेल्या कोयंड्याला. चोर कुलपाला हात लावत नाही. कोयंड्याच्या मागे कटावणी घालतो, एक हिसडा, आणि चारही स्क्रू चौकटीच्या लाकडाचा भुसा घेऊन बाहेर. घटनास्थळी कुलूप शाबूत, बंद, कोयंड्यासकट जमिनीवर पडलेलं. मुद्देमालात अशी कुलपं मी जमा केली आहेत, चावी लावली की झकास उघडायची.

म्हणून पहिला खर्च इथे करा. कोयंडा स्क्रूवर नको, आरपार नट-बोल्टवर बसवा, नट आतल्या बाजूला. सुताराला अर्धा तास पुरतो. जमलं तर दारातच बसणारं आतलं लॉक करून घ्या, कारण बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे "घरात कोणी नाही" अशी पाटी. आम्ही एकाच सुताराला बोलावून ओळीतली सगळी दारं दोन दिवसांत करून घेतली. एकगठ्ठा कामामुळे त्याने भाव कमी केला. वाळू हलवली. फांदी छाटायला मात्र पालिकेकडे तीन अर्ज करावे लागले.

चोरी झाल्यावरचे पहिले आठवडे

ज्या घरात दोनदा चोरी झाली त्याचं ऐका. पहिल्या वेळी मागच्या दाराचा कोयंडा उखडला. घरच्यांनी तोच कोयंडा, त्याच भोकांत, जरा जाड स्क्रू घालून परत बसवला. पाच आठवड्यांनी पुन्हा त्याच दाराने, तसाच उखडला. घरातल्या वहिनी मला म्हणाल्या, "आम्हाला वाटलं वीज एकाच झाडावर दोनदा पडत नाही."

पडते. चोराला ते घर आता माहीत असतं. कुठून शिरायचं, कुत्रं आहे का, कपाट कुठे, आणि गेल्या वेळी काय न्यायचं राहिलं. शेजारची घरंही त्याने येता-जाता पाहून ठेवलेली असतात, म्हणून त्यांनाही काही आठवडे धोका जास्त. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्यांनी कहर केला होता. केन पीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला, तर चोरी होऊन गेलेल्या घरांतच पुन्हा चोरी होण्याचं प्रमाण फार मोठं. त्यांनी सगळ्या वसाहतीत पोलीस पेरले नाहीत. ज्यांच्याकडे चोरी झाली त्या घरांची दारं-खिडक्या ताबडतोब पक्की केली. तिथे नाणी टाकून चालणारे गॅस आणि विजेचे मीटर होते, म्हणजे चोरासाठी घरात ठेवलेला गल्लाच. ते काढायला लावले. आणि त्या घराभोवतालच्या सहा-सात घरांना सांगितलं, या एका घरावर लक्ष ठेवा. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या.

लाज वाटली ती इथे. मी ठाणे अंमलदार म्हणून किती फिर्यादी लिहून घेतल्या असतील त्याला गणती नाही. फिर्याद वाचून दाखवायची, सही घ्यायची, "तपास करतो" म्हणायचं. एकाही बाईला मी म्हटलं नाही की, ताई, आज घरी जाताना सुतार घेऊन जा, महिना-दीड महिना जपून राहा. ते सांगायला एक मिनिट लागलं असतं.

आमच्याकडे या पद्धतीला कोंडाळं म्हणतात. घरफोडी झाली की त्याच संध्याकाळी त्या घराची उजवी-डावी दोन-दोन आणि समोरची दोन घरं एकत्र बसतात. दार चोवीस तासांत पक्कं करायचं. पुढचे सहा आठवडे दुपारी त्या घराकडे कोणाची नजर राहील याच्या वेळा वाटून घ्यायच्या. नजर म्हणजे पहारा नव्हे. निवृत्त मास्तर पेपर अंगणात वाचतात, एक काकू पापड त्या बाजूच्या ओट्यावर वाळत घालतात. एवढंच. सहा आठवड्यांनी कोंडाळं आपोआप मोडतं. माणसं कायमची राखण करत नाहीत, तशी अपेक्षा ठेवली की महिन्याभरात कोणीच करत नाही.

दिवे, कॅमेरे

दिवा कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जास्त कामाचा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी गृहवसाहतींत प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा सुमारे ४० वसाहतींत सहा महिने उंच, प्रखर दिवे लावले आणि तशाच दुसऱ्या वसाहतींशी तुलना केली. दिवे लावलेल्या ठिकाणी रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. पण वही पाहा. आमच्या नऊपैकी सात घरफोड्या दुपारच्या. दिवे लावून त्या थांबणार नव्हत्या. पेट्रोलचोरी थांबू शकत होती, म्हणून दिवे आम्ही पार्किंगकडे लावले.

कॅमेऱ्यांचं संशोधन याहून मजेशीर. चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये आढावा निघाला. कॅमेऱ्याने गुन्हे सरासरी १३ टक्के कमी होतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग वाहनतळावर. ज्या कॅमेऱ्याच्या चित्राकडे कोणी प्रत्यक्ष बघत असतं आणि जोडीला आणखी उपाय असतात, तो चालतो. नुसता खांबावर टांगलेला शोभेपुरता.

आम्ही सोळाऐवजी चार घेतले. घेताना पोलिसांच्या बाजूने चार गोष्टी बघा, कारण तपासात इथेच घोडं अडतं. पहिलं, उंची. बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात मला आयुष्यभर टोप्या आणि टकलं दिसली, चेहरे नाहीत. येण्याजाण्याच्या तोंडावर एक तरी कॅमेरा माणसाच्या डोक्याच्या जरा वर हवा. दुसरं, घड्याळ. एका गुन्ह्यात रेकॉर्डर ४७ मिनिटं पुढे होता आणि आम्ही दोन दिवस भलत्याच मोटारसायकलच्या मागे फिरलो. दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईलशी वेळ जुळवा. तिसरं, पासवर्ड. बसवून गेलेल्या पोराकडेच असतो, आणि तो पोरगा नेमका गावी गेलेला असतो. कॉलनीतल्या दोघांकडे लिहून ठेवा. चौथं, इन्व्हर्टर. लाईट गेली की रेकॉर्डर झोपतो. फुटेज कोर्टात लागलं तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर क्लिप फिरवून मूळ रेकॉर्डिंग पुसलं जाऊ देऊ नका. मूळ रेकॉर्डर तपासी अंमलदारालाच दाखवा.

राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी "मार्व्हल" ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी संस्था उभी केली. चांगलंच आहे. पण यंत्राला खायला नोंदच लागते, आणि नोंदच खोटी असेल तर यंत्रही खोटंच शिकणार. त्याचं पुढे सांगते.

वॉचमन आणि चिठ्ठ्यांचा डबा

आमचा वॉचमन रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत, घड्याळाच्या काट्यासारखा त्याच दिशेने फिरायचा. लोकांना बरं वाटायचं. चोरालाही बरं वाटत असणार, काठी कुठे वाजते ते ऐकू येतं ना.

याचं उत्तर मला राजस्थानात सापडलं. तिथल्या पोलिसांबरोबर अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि आयपीएस अधिकारी निना सिंग यांच्यासारख्यांनी बरीच वर्षं काम केलं. एक प्रयोग दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या नाकाबंदीचा होता. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी नेहमी एकाच, सगळ्यात मोक्याच्या जागी. काही ठिकाणी तीन जागांत फिरती, आज इथे, परवा तिथे. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात सुमारे १७ टक्के आणि मृत्यू सुमारे २५ टक्के घटले. एकाच जागेच्या नाकाबंदीचा काही परिणाम नाही. नाकाबंदी कुठे आहे हे लोकांना आठवड्याभरात कळतं आणि ते गल्लीतून जातात. नाकाबंदीवर उभं राहिलेल्या कोणालाही हे विचारा, तो हसेल.

तर आम्ही स्टीलचा डबा ठेवला. त्यात कॉलनीतल्या सहा ठिकाणांच्या चिठ्ठ्या, नाल्याकडच्या ओळीच्या तीन जास्त, कारण वही तसं सांगते. दर तासाला वॉचमनने एक चिठ्ठी काढायची, तिथे जाऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, परत यायचं. पंधरा मिनिटांचा आकडा मनाचा नाही. मिनियापोलिसच्याच माहितीवर क्रिस्टोफर कोपर यांनी दाखवलं की पोलीस एखाद्या ठिकाणी दहा ते पंधरा मिनिटं थांबून गेला की त्याच्या मागे सर्वांत जास्त वेळ शांतता टिकते. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही. आणि शिट्टी बंद.

आणखी एक, तुम्हाला अवांतर वाटेल. दुपारी माणूस ठेवायचा तर त्याला सावली, पाणी आणि संडास द्या. आधीच्या वॉचमनला संडासासाठी नाल्याकडे जावं लागायचं आणि बैठकीत तक्रार अशी की, "तो जागेवर नसतो."

हे सगळं सांगितल्यावर प्रत्येक बैठकीत एक आजोबा विचारतातच: चोर शेजारच्या कॉलनीत जाईल, मग आपण केलं काय? मीही नोकरीत हेच म्हणायचे. पण अमेरिकेतल्या जर्सी सिटीत डेव्हिड वाइसबर्ड यांनी हेच तपासलं. गुन्ह्यांच्या अड्ड्यांवर जोर लावला आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर नजर ठेवली. गुन्हे तिकडे सरकले नाहीत, उलट तिकडेही थोडे कमी झाले. माझ्या अनुभवाने सांगते, चोर आळशी असतो. ओळखीची वाट, ओळखीची वेळ, ओळखीची भिंत गेली की तो लगेच दुसरी शोधायला बसत नाही.

ग्रुपवर काय टाकायचं नाही

हा भाग मी बैठकीत आवाज चढवून सांगितला. वहीत माणसांसाठी रकाना नाही, तो मुद्दामच वगळलाय. "काळा शर्ट, संशयित, फिरताना दिसला" असा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक गेला.

आणि पोलिसांचंही सांगते, कारण मी त्यातलीच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पोलिसांनी आधी भटक्यांच्या पालावर जायची सवय मी नोकरीत पाहिली. अमेरिकेत संगणकाने गुन्ह्याचं भाकीत करायचे प्रयोग झाले, तिथेही हेच दुखणं: जुन्या नोंदी पक्षपाती, म्हणून भाकीतही त्याच वस्त्यांकडे बोट दाखवणारं. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये असा कार्यक्रम बंद केला. म्हणून वहीत जागा आणि वेळ लिहा. प्रत्यक्ष काही घडताना दिसलं तर ११२ ला फोन करा, ग्रुपवर नको. ग्रुपवर टाकायला मुद्दे भरपूर आहेत, फांदी वाढली, दिवा गेला. अमुक घर दहा दिवस बंद आहे हे मात्र ग्रुपवर नको, फक्त कोंडाळ्यातल्यांना कळवा.

ठाण्यात जाताना

नोंदी खोट्या कशा होतात? मोबाईल हिसकावला तरी "गहाळ" लिहायचा. घरफोडीचा एफआयआर न करता नुसता "तक्रार अर्ज" घेऊन ठेवायचा. मीही लिहिलंय. महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेबांना आकडा कमी दाखवायचा असतो, आणि खाली बसलेल्या अंमलदाराला शब्द बदलणं सोपं असतं. पण त्यामुळे ती जागा कागदावर स्वच्छ दिसते आणि गस्त तिथे जात नाही. तुम्ही "जाऊ द्या, अर्जच देतो" म्हणता तेव्हा नुकसान तुमच्या पुढच्या शेजाऱ्याचं होतं.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. आमची ४५४, ४५७, ३८० ही बोटांवरची कलमं गेली, घरफोडीला आता भारतीय न्याय संहितेचं ३३१ आणि घरातल्या चोरीला ३०५ लागतं. हिसकावून नेण्याला ३०४ असं वेगळं कलम झालं. माझ्यासारखीला निवृत्तीच्या तोंडावर पुन्हा पाठांतर करावं लागलं. तुम्हाला लक्षात ठेवायचं आहे ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फिर्याद-तपासाच्या नव्या कायद्याचं, कलम १७३. हद्द आपली नसली तरी दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर ठाण्याला घ्यावी लागते. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात नकार मिळाला तर तीच खबर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. आणि कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. भांडू नका. कलमाचा आकडा शांतपणे उच्चारला की समोरचा अंमलदार पेन उचलतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगतेय. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन, मग ठाणं, कारण तिथे तासांचा प्रश्न असतो.

बाईची तक्रार असेल तर महिला अंमलदार मागा. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत महिला मदत कक्षांचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि विशेष फरक पडला तो कक्ष चालवायला महिला अधिकारी होती तिथे. मी १९८८ ला भरती झाले तेव्हा आम्हाला बंदोबस्त आणि आरोपी बाईची झडती एवढंच काम देत. तेव्हा हे कोणी मोजलं असतं तर!

मोजायचं कसं

दर सहा महिन्यांनी वही उघडा आणि आधीच्या सहा महिन्यांशी ताडून बघा. आमच्याकडे २०२५ या वर्षात दोन नोंदी घरफोडीच्या, त्यातली एक फसलेली. बोल्टवरचा कोयंडा वाकला, निघाला नाही. आधी दोन वर्षांत नऊ होत्या. समितीने लगेच पेढे वाटायचं काढलं. मी अडवलं. आकडे इतके लहान की नुसत्या नशिबानेही असं होऊ शकतं, आणखी एक वर्ष जाऊ द्या. साखळी हिसकावण्यावर तर आमच्याकडे अजून काहीच उपाय नाही. फाट्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्या बायकांनी एकत्र जायचं ठरवलं, चार दिवस गेल्या, पाचव्या दिवसापासून जिची तिची वेळ.

वही आता कोपऱ्यावरच्या घरातली दहावीतली मुलगी लिहिते. अक्षर माझ्यापेक्षा सुंदर, आणि ती कोणाच्या भिडेला बळी पडत नाही. परवा मी पाहिलं, शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं: "१७ मार्च. नाल्याकडचा दिवा बंद. पालिकेला कळवले." खाली, "२१ मार्च. अजून बंद." त्याखाली, वेगळ्या शाईत, "२४ मार्च. अजून बंद. मावशींनी फोन केला का?"

नव्हता केला.